मागच्या चाकांना तूप

आमचं घर पाच-सहा माणसांच्या मापाचं होतं आणि त्यात राहायचो आम्ही दोघं, माय आणि मी. गुडीहत्नूरच्या अलीकडं हायवे सोडून आत वळलं की आमचं वावर, वावरातच घर आणि घराला लागून गोठा. बाप गेला, त्याच्या पाठोपाठ आजी गेली, बहिणीला मुधोळला दिली आणि ती तिच्या संसारात अशी गुंतली की दिवाळीलाही तिचं येणं होईना. बाप गेल्यावर वर्षभरात मायनं बैलजोडी काढून टाकली. मंगळ्या आणि बांड्या अशी नावं होती त्यांची. वावरात वांगी, टमाटे आणि थोडी पालेभाजी एवढंच उरलं होतं, त्याला भाड्याचा ट्रॅक्टर वर्षातून दोनदा आला की भागायचं. तरी माय रोज सकाळी तो रिकामा गोठा झाडायची. मी चिडायचो. "काऊन झाडून राह्यली वं रोज? कोण बसते तिथं?" ती खराटा न थांबवता म्हणायची, "नाई झाडलं त विंचू होते." मग भाजीची पाटी डोक्यावर घेऊन हायवेवर जायची आणि सहा सिटांच्या ऑटोत अकरावी बसून अदिलाबादच्या बाजाराला निघायची.

बापाच्या वेळी घरात नुसता गोंगाट असायचा. बैलांच्या गळ्यातल्या घंट्या, बापाचा खोकला, आजीचं कुणाला तरी शिव्या घालणं. ते सगळं गेलं आणि उरला हायवेवरच्या ट्रकांचा आवाज. दिवेलागणीला माय भाकरी टाकायची, अंबाडीची भाजी नाहीतर झुणका, वर कच्चा कांदा. मी ताटावर बसायचो. ती विचारायची, "वाढू का अजून?" मी म्हणायचो, "नाई." झालं आमचं बोलणं. दोन माणसं समोरासमोर बसून जेवतात आणि भाकर मोडल्याचा आवाज ऐकू येतो, यापेक्षा एकटं मी आयुष्यात कधी राहिलो नाही. आणि आता मी हैदराबादला तिसऱ्या मजल्यावर खरोखरचा एकटा राहतो, तरी सांगतो हे. मला त्या घरातून पळायचं होतं. कुठं ते ठाऊक नव्हतं, पण पळायचं होतं, आणि मायला सोबत घेऊन पळावं असं एकदाही मनात आलं नाही, हेही लिहून टाकतो.

अदिलाबादजवळ मावल्याला एका उस्तादच्या गॅरेजात मी कामाला होतो. उस्तादची एक खोड होती. त्याच्याकडं कुणी गाडी शिकायला आलं की पहिल्यांदा चप्पल उतरवायची. "जूता पहन के क्लच दबाना मतलब दस्ताने पहन के रोटी खाना," असं तो म्हणायचा. गॅरेजच्या मागं एक चढ होता. त्या चढावर जुनी जीप उभी करायची, मागच्या चाकाला टेकवून एक पिकलेला टमाटा ठेवायचा, तोही आमच्याच वावरातला, आणि हँडब्रेक न लावता गाडी पुढं उचलायची. गाडी बोटभरही मागं सरकली की टमाट्याचा चेंदा. सुरुवातीला मी इतके टमाटे चिरडले की उस्ताद म्हणाला, तुझ्या मायला सांग, चटणीच दे पाठवून. पण महिन्या-दोन महिन्यांत माझ्या डाव्या तळपायाला ते कळायला लागलं. पेडल वर येता येता एका जागी गाडीच्या अंगातून एक बारीक थरकाप येतो. तीच पकड. तिथं पाय थांबला पाहिजे, श्वासभर, आणि मग हळूच वर. आता माझा तोच डावा गुडघा जिना चढताना बोंब मारतो, आणि नव्या गाड्यांना क्लचच नसतो. चालायचंच.

त्याच गॅरेजात एक दिवस विक्रमसाहेबांची गाडी दोरीला बांधून आली. ठेंगणी, दोनच सिटांची, निळी, आणि बोनेटवर हात ठेवला तर आत काहीतरी दबा धरून बसल्यासारखं वाटायचं. साहेब हैदराबादचे, पन्नाशीकडं झुकलेले, सरळ रस्त्यावरच्या शर्यतींचं त्यांना वेड होतं. स्वतः चालवायचे नाहीत, पोरं ठेवायचे. त्या पोरांनी तीन क्लच प्लेटी जाळल्या होत्या, ही चौथी. जळक्या क्लचचा तो करपट वास गॅरेजभर झाला. नवी प्लेट बसेपर्यंत साहेब आठवडाभर अदिलाबादला थांबले आणि रोज गॅरेजात येऊन स्टुलावर बसायचे. एका दुपारी त्यांनी मला जीप टमाट्यावरून उचलताना पाहिलं. उठून आले, टमाटा हातात घेऊन उलटासुलटा केला आणि विचारलं, "नाम क्या है रे तेरा?" मी म्हणालो, "दिनकर." मग त्यांनी सांगितलं ते साधं होतं. नवा चौपदरी रस्ता झाला तेव्हा जुन्या हायवेचा एक सरळ तुकडा गुडीहत्नूरजवळ तसाच पडून राहिला होता, दोन्ही तोंडं बंद. तिथं पुढच्या आठवड्यात निजामाबादहून एक पोरगा येणार. त्याला तीन लाँच, मला तीन लाँच, म्हणजे उभी गाडी रेघेवरून एका दमात पळवायची. जो गाडी झटकन उचलेल आणि गाडीचं काही मोडणार नाही, त्याला ते हैदराबादला घेऊन जाणार, राहायला खोली, कायमचं काम. मला वाटलं, दार उघडलं.

त्या संध्याकाळी मी ताटावर बसलो आणि आपसूक बोलायला लागलो. गाडी कशी आहे, किती ठेंगणी आहे, आवाज कसा करते. मायचा भाकरीवरचा हात थांबला. दुसऱ्या दिवशी तिनंच विचारलं, "आज काय केलं रे तुह्या गाडीनं?" असं रोज व्हायला लागलं. तीन वर्षांत आम्ही जेवढं बोललो नव्हतो तेवढं त्या आठवड्यात बोललो. मी तिला चुलीसमोर बसून सगळं समजावून सांगायचो. आधी गाडी चार-पाच किलोमीटर सावकाश फिरवायची, इंजिनासोबत गिअरबॉक्सचं तेलही तापलं पाहिजे. मग चाकं सरळ करून उभी करायची. पहिला गिअर, क्लच पूर्ण आत, इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा साडेतीन हजाराच्या आसपास धरायचा, त्याच्या वर नाही. पोरं चुकतात ती इथं. काटा सहा हजारावर नेतात आणि क्लच दाणकन सोडतात. तो सगळा धक्का मग प्लेट, गिअरबॉक्स आणि अॅक्सल यांनी सोसायचा. पाय पकडीपर्यंत चटकन आणायचा, तिथं पापणी लवेल एवढा वेळ थांबवायचा, गाडी हलली की पूर्ण सोडायचा आणि उजवा पाय त्याच मापानं खाली न्यायचा. दुसरा गिअर टाकताना दांड्याशी कुस्ती करायची नाही. आणि दोन लाँचच्या मधे गाडीला दहा-पंधरा मिनिटं निवू द्यायचं. मायनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हे त तुह्या बापाचंच झालं. चिखलात भरली गाडी रुतली की तो काई बैलाले मारे नाई. जू खांद्याले भिडू दे, दोर ताणू दे, मंग हाक मारे." मी चाटच पडलो. उस्तादला दोन महिने लागले होते मला ते शिकवायला.

"मंग सगळ्यात जास्त जोर कुठं पडते त्याच्यावर?" तिनं विचारलं.

"मागच्या चाकायवर. पुढची नुसती वळाले."

"दुखत असन मंग."

मला हसू आलं. "लोखंडाले काय दुखते वं माय?"

"काई लावत नाई का तुमी त्याले?"

"लावतो न," मी म्हणालो, "हळद लावतो, तूप लावतो." ती हसली नाही. तिनं मान डोलावली आणि तव्यावरची भाकर उलटली. मी गंमत केली आणि विसरून गेलो.

शर्यतीचा तो दिवस नेमका पोळ्याच्या आदला दिवस निघाला. आमच्याकडं त्या दिवशी खांदशेकणी असते. वर्षभर जू वाहून बैलाचा खांदा सोललेला असतो, म्हणून त्याला हळद-तूप चोळायचं, पळसाच्या पानानं शेक द्यायचा आणि कानाशी सांगायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. बैल गेल्यापासून आमच्याकडं तेही बंद होतं. दोन दिवस पाऊस नव्हता, जुना रस्ता खडखडीत वाळला होता. उस्ताद गॅरेज सोडून आला नाही. मी, साहेब, त्यांची दोन माणसं आणि निजामाबादचा सतीश, एवढेच होतो. सतीशच्या पायात पांढरे बूट, डोळ्यांवर काळा चष्मा. मी अनवाणी. त्यानं माझ्या पायांकडं पाहून साहेबांच्या माणसाला काहीतरी तेलुगूत सांगितलं आणि दोघं हसले. हसा लेकहो, मी मनात म्हणालो.

सतीशचा पहिला लाँच जबरदस्त होता, खोटं कशाला बोलू. गाडी गोफणीतून सुटल्यागत गेली. पण दुसऱ्याच्या वेळी धूर निघाला आणि तिसऱ्याच्या वेळी तो वास आला. साहेबांनी नाक वर केलं. गाडी निवल्यावर माझी पाळी आली. माझा पहिला जरा मंद झाला, काटा कमी पडला होता. दुसरा मात्र असा लागला की पाठ सीटला चिकटली आणि वास ना आवाज. साहेबांच्या माणसानं मोबाइलवर वेळ दाखवली, सतीशच्या पहिल्याएवढीच होती. म्हणजे आता सगळं तिसऱ्यावर. गाडी सावकाश परत आणून रेघेवर उभी केली. साहेब आणि बाकीचे बाभळीखाली मोबाइलवरचं चित्रीकरण पुन्हापुन्हा पाहत होते. मी तळपायाचा घाम धुवायला पलीकडच्या पाटावर गेलो. पाय धुतले, गमछ्यानं कोरडे केले, थोडा वेळ डोळे मिटून बसलो. परत आलो तो थेट गाडीत शिरलो. मागं वळून पाहिलं नाही.

काटा साडेतीन हजार. पाय पकडीवर आला आणि तळपायाला जे कळायला हवं होतं ते कळलंच नाही. गाडीचं मागचं अंग एकदम डावीकडं सरकलं. चाकं जागच्या जागी गरगरली, मग एकदम रस्ता धरला, पुन्हा सुटली, पुन्हा धरला, आणि गाडीखालून थडथड असा आवाज यायला लागला. चाकं उड्या मारायला लागली की अॅक्सल तुटतो, उस्तादनं शंभरदा सांगितलं होतं. मी उजवा पाय उचलला, क्लच आत घेतला, स्टेअरिंग नुसतं धरून ठेवलं. गाडी आपोआप सरळ झाली आणि रस्त्याच्या कडेला, खड्ड्याच्या हातभर अलीकडं थांबली. गेलं हैदराबाद, एवढंच डोक्यात आलं.

साहेब धावत आले. वाकून मागच्या टायरला हात लावला तर बोटं पिवळी झाली. त्यांनी बोटं नाकाशी नेली. "घी है ये. हल्दी! किसने लगाया?" मी गाडीतून उतरलो आणि रेघेकडं पाहिलं. तिथं माय उभी होती. वावराच्या बांधावरून चालत आलेली, पायांना घोट्यापर्यंत चिखल, लुगडं खोचलेलं, एका हातात वाटी आणि दुसऱ्यात पळसाचं पान. हात मनगटापर्यंत पिवळे. ती हसत होती. गाडी केवढी जोरात फिरली ते तिनं पाहिलं होतं, आणि तिला वाटलं, छान झालं. आमच्या घरात दूधदुभतं नव्हतं. ती वाटी तिनं कुणाच्या दारात उभं राहून आणली असेल ते मी आजवर शोधलेलं नाही.

"ये कौन है रे?" साहेबांनी मला विचारलं.

सतीश पाहत होता. त्याच्या चष्म्यात मला मी दिसत होतो. "पडोस की है साब," मी म्हणालो. आणि एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं, पण मी कपाळाजवळ बोट नेलं आणि गोल फिरवलं. "थोडी ऐसीच है."

माझी माय तीस वर्षं अदिलाबादच्या बाजारात बसलेली बाई. हिंदी तिला येत होती, तेलुगू येत होती, आणि बोट गोल फिरवण्याचा अर्थ कळायला तर कोणतीच भाषा लागत नाही. तिचं हसू गेलं. तिनं माझ्याकडं पाहिलं, फार वेळ नाही, आणि साहेबांना म्हणाली, "हौ साब. बाजूकीच है मैं. गलती हो गई." मग खाली बसली आणि पदरानं टायर पुसायला लागली. मला ओरडायचं होतं. एक वाक्य पुरलं असतं. मी ते बोललो नाही. साहेब "हटाओ इसको" म्हणाले तेव्हा मीच पुढं झालो, तिच्या कोपराला धरलं, परक्या बाईला धरतात तसं, आणि तिला बांधापर्यंत नेलं. तिथं ती फक्त मला ऐकू येईल असं बोलली. "काम त नाई नासलं ना रे तुह्यं?" मी म्हणालो, "जाय तू घरी." ती गेली. मी तिच्या पाठीकडं पाहत राहिलो नाही, कारण सगळे माझ्याकडं पाहत होते.

मी टायर धुऊन पुन्हा एकदा गाडी उचलतो म्हणालो. साहेब गाडीखाली वाकून टॉर्चनं पाहून आले होते. "जरूरत नहीं," ते म्हणाले. "दूसरा होता तो पैर दबा के रखता, मेरा अॅक्सल तोड़ देता. तूने उठा लिया. मेरेको यही पैर होना." सतीशनं बूट झटकले आणि तोंड फिरवलं. साहेबांच्या माणसानं माझ्या पाठीवर थाप मारली. निघताना साहेबांनी गाडीतला मिठाईचा डबा काढून माझ्या हातात दिला आणि हसत म्हणाले, "उस पगली को खिला देना. उसके घी ने तेरा पैर दिखा दिया मेरेको."

घरी आलो तेव्हा माय उद्याच्या पुरणासाठी डाळ निवडत होती. हात घासून धुतले होते, नखांत तेवढं पिवळं राहिलं होतं. मी डबा तिच्यापुढं ठेवला. "साहेबानं देल्ला."

"कोणाले?"

मी खांद्यावरचा गमछा खुंटीला टांगला. "शेजारणीले असन," ती म्हणाली. रागानं नाही, टोमणा म्हणूनही नाही, पत्ता बरोबर आहे ना ते पाहावं तसं. तिनं झाकण उघडलं, एक तुकडा मोडला आणि आधी मला दिला. मी तो खाल्ला. खाल्ला मी तो! "माय, मी..." एवढं म्हणालो तोच ती म्हणाली, "राहू दे. झालं ना तुह्यं काम? कवा जा लागते?"

"परवा."

"मंग उद्या पोळी खाऊन जाय."

त्यानंतर ती नऊ वर्षं जगली. मी दर रविवारी फोन करायचो. ती विचारायची, गाडी कशी आहे, मी सांगायचो. तिला हैदराबादला आणायचं दरवर्षी ठरायचं आणि दरवर्षी मीच काहीतरी कारण काढायचो, कारण तिथं विक्रमसाहेब होते. ते माझ्याशी फार चांगले वागले. मला हाताखाली दहा पोरं दिली, माझ्या नावानं लोकांशी भांडले. आणि त्याच माणसासमोर मायला उभं करण्याची माझी छाती नव्हती. तिनं कधी विचारलं नाही की मला काऊन नेत नाईस. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

ती गेली तेव्हा मी गावाला पोचेपर्यंत सगळं आटोपलेलं होतं. तेराव्याला साहेब एवढ्या लांबून गाडी काढून आले. आमच्या ओसरीत सतरंजीवर बसले, बहिणीनं दिलेला चहा हातात घेतला. समोर भिंतीला टेकवून मायचा फोटो ठेवला होता, बहिणीच्या लग्नातला, हार घातलेला. साहेबांनी त्या फोटोकडं बराच वेळ पाहिलं. पण त्यांनी ओळखलं नाही. एकदाच पाहिलेली, चिखलातली बाई, कशी ओळखणार? त्यांचे डोळे भरून आले होते. "कैसा आदमी है रे तू," ते म्हणाले, "इतने साल साथ रहा, एक बार माँ से मिलाया नहीं."

"मिलाया था साब," मी म्हणालो. "पुराने रोड पे. पडोस की है बोल के."

साहेबांनी कप खाली ठेवला. आतून बहिणीनं विचारलं, अजून चहा टाकू का, आणि साहेबांनी पुन्हा त्या फोटोकडं पाहिलं.